टिश्यूत कागद कमी आणि पोकळी जास्त

काल रात्री परत तो प्रयोग केला. दोन काचेचे ग्लास घेतले, दोन्हीत पाणी, एकात टॉयलेट पेपरचा तुकडा टाकला, दुसऱ्यात किचन टॉवेलचा, आणि चमच्याने ढवळत बसले. टॉयलेट पेपरचा थोड्या वेळात चोथा झाला, मग तोही सुटला आणि पाणी दुधाळ दिसायला लागलं. विरघळत नाही बरं का तो, त्याचे तंतू एकमेकांपासून सुटे होतात एवढंच. किचन टॉवेल मात्र जसाच्या तसा. बाहेर काढला, पिळला, उलगडून वाळत घातला आणि आज सकाळी त्यानेच ओटा पुसला.

भाचीने फोनवर विचारलं होतं की मावशी, दोन्ही लाकडाच्याच लगद्याचे ना, मग एक पाण्यात सुटतो आणि दुसरा का नाही? फोनवर नीट सांगता आलं नाही. आणि मी काही वर्षं टिश्यू मिलमधे मशीनवर काढलीत, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, दोन वाक्यांत उरकणं जिवावर येतं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

सुरुवात पाण्यापासूनच करायला हवी कारण टिश्यू (टॉयलेट पेपर, किचन टॉवेल, फेशियल, सगळ्यांना आम्ही टिश्यूच म्हणतो) बनवणं म्हणजे मुख्यतः पाणी काढणं. मशीनच्या तोंडाशी, ज्याला हेडबॉक्स म्हणतात, तिथून जो लगदा जाळीवर पडतो त्यात तंतू असतात जेमतेम 0.2 टक्के, बाकी 99.8 टक्के पाणी. बघितलं तर पाणीच वाटतं, किंचित गढूळ. एवढं पातळ करायचं कारण असं की तंतूंच्या गुठळ्या होता कामा नयेत, टिश्यूचा एक थर 15-20 ग्रॅम प्रति चौरस मीटर असतो (आपला झेरॉक्सचा कागद 70-80 ग्रॅमचा), त्यात एक गुठळी आली की तिथे भोक पडलंच समजा. मग हे सगळं पाणी काढायचं, आणि काढायचं ते पण असं की शेवटी कागद मऊ राहिला पाहिजे. खरी अडचण इथेच आहे. कारण पाणी काढायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दाबून काढणं, आणि दाबलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात, कागद कडक होतो, आतली पोकळी जाते. आणि टिश्यू पाणी शोषतो तो त्या पोकळीत. तंतू स्वतः फुगून थोडं पाणी घेतात पण बाकीचं सगळं दोन तंतूंच्या मधल्या फटींमधे जाऊन बसतं. म्हणजे आपण रोल विकत घेतो तेव्हा खरं तर ती पोकळीच विकत घेत असतो, कागद तिला धरून ठेवायला. गेल्या शंभर वर्षांत या धंद्यात जे जे मोठे शोध लागले ना, त्यातले बहुतेक मला एकाच प्रश्नाची उत्तरं वाटतात, की पाणी तर काढायचं पण पोकळी कशी वाचवायची.

जुनं उत्तर म्हणजे यांकी. यांकी हा एक अवाढव्य पोकळ सिलेंडर असतो, ओतीव लोखंडाचा किंवा आता पोलादाचा, व्यास पाच मीटर किंवा त्याहूनही जास्त, आत वाफ सोडलेली आणि वरून आरशासारखा गुळगुळीत. ओला कागद त्यावर दाबून चिकटवायचा, खालून वाफेची उष्णता आणि वरच्या झाकणासारख्या हुडमधून 400 अंश सेल्सिअसच्या आसपासची गरम हवा. वेगवान मशीन मिनिटाला 2,000 मीटरने पळतं, म्हणजे ताशी 120 किलोमीटर. हिशोब करून बघा, पाच मीटर व्यासाच्या सिलेंडरचा परीघ साधारण पावणेसोळा मीटर, त्यामुळे कागद त्यावर अर्धा सेकंदसुद्धा राहत नाही, आणि तेवढ्या वेळात 60 टक्के ओला कागद 5-6 टक्क्यांवर येतो. मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा चुकलाय असं समजून परत केला होता.

आणि मग येतं डॉक्टर ब्लेड. ही एक लांबलचक पातळ पट्टी, सिलेंडरला टेकलेली, चिकटलेला वाळका कागद ती खरवडून काढते. कागद वेगाने येऊन पट्टीवर आपटतो आणि त्याच्या बारीक बारीक चुण्या पडतात, याला क्रेपिंग म्हणतात. पुढे जो रील कागद गुंडाळतो तो यांकीपेक्षा 10 ते 20 टक्के हळू फिरत असतो, त्यामुळे या चुण्या टिकून राहतात. क्रेपिंगमुळे कागदातले बरेचसे बंध तुटतात आणि दाबून सपाट झालेला कागद परत फुलतो. घरचा कुठलाही फेशियल टिश्यू घ्या, एकच थर वेगळा करा, खिडकीसमोर तिरका धरून भिंगातून बघा, आडव्या रेघा दिसतील. मग दोन्ही दिशांनी हळूच ताणून बघा, एका दिशेला तो रबरासारखा थोडा लांबतो, दुसरीकडे नाही. लांबतो ती मशीनची दिशा, त्या चुण्या उलगडतात.

मिलमधे असताना माझा जीव त्या ब्लेडवर असायचा. ब्लेडची धार झिजत गेली की चुण्या जाड होत जातात, डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतं. आमचे जुने ऑपरेटर रीलवरून हात न फिरवता, नुसता एक तुकडा फाडून अंगठा आणि तर्जनीत चोळून सांगायचे की ब्लेड बदला. एकदा मी त्यांचं ऐकलं नाही, मोजमापात सगळं ठीक दिसत होतं म्हणून अजून दोन तास चालवलं, आणि तो सगळा माल नंतर परत लगद्यात टाकावा लागला. साधं स्टीलचं ब्लेड काही तासांत बदलावं लागतं. सिरॅमिकच्या धारेची ब्लेडं आली त्यांनी हे काम किती सोपं केलं हे बाहेरच्या कोणाला कळणार नाही, कारण बाहेर कधी ब्लेडची बातमी होत नाही. पण मला विचाराल तर रोजच्या मऊपणात त्या ब्लेडचा आणि यांकीवर फवारायच्या चिकट कोटिंगचा वाटा फार मोठा आहे. कोटिंग कमी पडलं तर कागद आधीच सुटतो, जास्त झालं तर ब्लेडला फाटतो.

इतिहासही थोडा सांगते. अमेरिकेत स्कॉट कंपनीकडे 1907 च्या सुमाराला चुकून जास्त जाड झालेला कागद आला, टॉयलेट रोलसाठी निरुपयोगी, तर आर्थर स्कॉट यांनी तो परत न पाठवता छिद्रांच्या रेघा मारून हात पुसायचे टॉवेल म्हणून विकला अशी गोष्ट सांगतात. घरच्या स्वयंपाकघरासाठी रोल यायला 1931 उजाडलं. क्लीनेक्स या फेशियल टिश्यूचंही तसंच, पहिल्या महायुद्धात ड्रेसिंगला कापूस कमी पडत होता म्हणून किंबर्ली-क्लार्क कंपनीने क्रेप केलेल्या लाकडी तंतूंचं सेल्युकॉटन केलं होतं, युद्ध संपल्यावर त्याचं करायचं काय, तर 1924 मधे चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसायला म्हणून क्लीनेक्स आणलं. लोकांनी ते नाक पुसायला वापरायला सुरुवात केली, मग जाहिरात बदलली.

आता खरा मोठा शोध. 1967 साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या सॅनफर्ड आणि सिसन यांना एक पेटंट मिळालं, त्यातला मुख्य विचार असा की कागद दाबायचाच नाही. ओला कागद एका जाडसर विणीच्या कापडावर घ्यायचा, व्हॅक्यूमने पाणी ओढायचं आणि मग कागदाच्या आरपार गरम हवा सोडायची. थ्रू एअर ड्राइंग, मशीनवरची मंडळी टॅड म्हणतात. कागद वाळतो तो त्या कापडाच्या उंचसखल विणीवर, न दाबता, त्यामुळे कापडाचा आकार घेऊनच वाळतो आणि पोकळी शाबूत राहते. तेवढ्याच तंतूंत कितीतरी जास्त पाणी धरणारा टॉवेल मिळाला. पुढे 1985 मधे त्याच कंपनीच्या ट्रोखान यांच्या पेटंटमधे त्या विणीच्या कापडाऐवजी असा पट्टा आला ज्यावर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनची (राळेसारखा चिकट पदार्थ) हवी तशी नक्षी उमटवता येते. त्यामुळे कागदाच्या एकाच पापुद्र्यात ठरवून दोन प्रकारच्या जागा करता आल्या, घट्ट जाळी जी ताकद देते, आणि तिच्या मधे मऊ उश्या ज्या पाणी शोषतात. हे मला आजही फार सुंदर वाटतं. मऊपणा आणि ताकद एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं सगळे धरून चालले होते, आणि यांनी दोघांना शेजारी शेजारी जागा करून दिली!

नंतर किंबर्ली-क्लार्कने क्रेपिंगच काढून टाकलेला टॅड आणला, तिथे ब्लेडच्या ऐवजी ओला कागद वेगवान जाळीवरून हळू जाळीवर टाकतात, तो ओला असतानाच गोळा होतो आणि तसाच वाळतो.

टॉवेल टॅडचा आहे का हे घरी कसं ओळखायचं ते सांगते. टॉवेलवर जी नक्षी असते ती दोन प्रकारे येते. एक म्हणजे वाळलेल्या कागदावर नंतर कोरीव रोलरने दाबून काढलेली, तिला एम्बॉसिंग म्हणतात, दोन पापुद्रे गोंदाने जोडायलाही तीच वापरतात. दुसरी म्हणजे कागद ओला असताना त्यात बसलेली. टॉवेल पूर्ण भिजवा. दाबून काढलेली नक्षी पाण्यात बरीचशी सपाट होते, कारण पाणी लागलं की तंतूंमधले बंध सैल पडतात आणि दाबलेला कागद मोकळा होतो. ओल्यातच बसलेली नक्षी मात्र भिजल्यावरही हाताला लागते. म्हणून तो टॉवेल भिजल्यावर पाण्याला जागा देत राहतो, पहिला बसून जातो.

पण टॅडला किंमत आहे आणि ती उर्जेची आहे. एक किलो तंतू धरा. दाबून कागद 40 टक्के कोरडा झाला तर यांकीवर दीड किलो पाणी उडवायचं राहतं. टॅडमधे दाबायचं नाही, नुसत्या व्हॅक्यूमने 25 टक्क्यांपर्यंत आणलं असं धरलं तर उरतं तीन किलो पाणी, दुप्पट. आणि एक किलो पाण्याची वाफ करायला 2,200 किलोज्यूलच्या वर उष्णता लागते, त्यातून सूट नाही. वर त्या हवेचे पंखे चालवायची वीज वेगळी. मऊ टॉवेलमागे एवढं इंधन जातं हे कळल्यावर मला तरी नुसतं मऊ आहे म्हणून कौतुक करवत नाही.

म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं जे काम आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, जरी दुकानात ते कोणाला दिसत नसलं तरी. मशीन बनवणाऱ्या कंपन्यांकडून, म्हणजे फोइथचं ॲटमॉस, व्हॅल्मेटचं एनटीटी अशी मधल्या वाटेची मशीनं आली, जी नक्षीदार पट्ट्यावर कागद धरून थोडंसं आणि जपून दाबतात, म्हणजे उश्या वाचतात आणि पाणी पण निघतं. साध्या मशीनवर शू प्रेस आला. पूर्वी दोन गोल रोल एकमेकांना टेकायचे, दाब क्षणभर आणि एका रेघेत. शू प्रेसमधे एक बाजू खोलगट बुटासारखी, त्यामुळे दाब रुंद पट्ट्यात आणि जरा जास्त वेळ पडतो. याने कोरडेपणा समजा 40 वरून 45 टक्क्यांवर गेला. ऐकायला पाचच टक्के, पण हिशोब केला तर उडवायचं पाणी दीड किलोवरून सव्वा किलोच्या खाली येतं, साधारण साडेअठरा टक्के कमी. किंवा हवं तर तेच यंत्र हलकं दाबायला वापरून पोकळी वाचवायची. न्यूझीलंडच्या कावेराऊमधे तर जमिनीखालच्या नैसर्गिक वाफेवर टिश्यू वाळवतात.

बरं, भाचीचा प्रश्न राहिलाच. कागदातले तंतू एकमेकांना धरतात ते हायड्रोजन बंधांनी, गोंद नसतो. पाणी मधे शिरलं की पाण्याचे रेणू ती जागा घेतात आणि बंध सुटतात, म्हणून टॉयलेट पेपर सुटतो, आणि सुटायलाच हवा, पाइप तुंबायला नको. किचन टॉवेलमधे लगद्यातच एक रेझिन घालतात, पीएई नावाचं, हर्क्युलस कंपनीत कीम यांनी ते शोधलं, 1960 मधे त्याची पेटंट आली. ते तंतूंच्या सांध्यांवर बसतं आणि उष्णतेने असं पक्कं होतं की पाण्याने सुटत नाही. त्याच्या आधीची रेझिनं आम्लात पक्की व्हायची, त्यात कागद कडक आणि ठिसूळ होत जायचा, हे आम्ल नसतानाही काम करतं. एवढं सगळं करूनही ओल्या टॉवेलची ताकद कोरड्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांशच असते, पण आपल्याला तेवढी पुरते. याच रेझिनमुळे टॉवेल कधीच टॉयलेटमधे टाकू नये. मिलमधे फाटका टॉवेल परत लगदा करताना आमचीही दमछाक व्हायची, गरम पाणी आणि रसायनं घालून तासन्‌तास घुसळावं लागायचं. जो गुण घरात हवा तोच नंतर अडचण, आणि इथे अजून बरंच संशोधन व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तंतूंबद्दल थोडंच. सूचीपर्णी झाडांचे तंतू लांब, तीन मिलिमीटरच्या आसपास, ते ताकद देतात. निलगिरीचे आखूड, एक मिलिमीटरच्याही आत, ते मऊपणा देतात, म्हणून चांगल्या मशीनवर एकाच कागदात थर लावतात, निलगिरी बाहेरच्या बाजूला आणि लांब तंतू दुसरीकडे. रीसायकल कागदाचे तंतू दर फेरीला तुटतात आणि ताठ होतात, तरी टॉवेलसाठी ते चांगले चालतात, टॉवेल अंगाला मऊ लागायची गरज नसते. आणि जर्मनीत मानहाइमला एसिटी कंपनीने 2021 मधे गव्हाच्या काडाचा लगदा करून टिश्यूत वापरायला सुरुवात केली. पीक काढल्यावर उरणारं काड, त्यासाठी एकही झाड तोडायचं नाही. मी त्या लगद्याचा कागद अजून हातात घेतलेला नाही, पण अंगठा आणि तर्जनीत चोळून बघायची फार इच्छा आहे.

तर भाचीबाई, वाळवलेला टॉवेल मी ठेवून दिलाय. तुझ्या घरचा एक भिजव, नक्षी हाताला लागते की बसते ते बघ आणि मला फोन कर.