सुऱ्या तीनच घेतल्या, वेळ गेला तो धारेत

घरच्या स्वयंपाकाला किती सुऱ्या लागतात, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगते: तीन. एक मोठी, २० सेंटिमीटर पात्याची. एक छोटी, ८ ते १० सेंटिमीटरची, सोलायला आणि देठ-डोळे काढायला. आणि एक दातेरी, पाव कापायला, २० ते २५ सेंटिमीटरची. लाकडी ठोकळ्यात खोचलेले सहा-आठ नगांचे संच दिसायला छान असतात, पण त्यातल्या निम्म्या सुऱ्या ठोकळ्यातून बाहेरच येत नाहीत. दुकानात नव्या सुरीने कागद कापून दाखवतात, त्यालाही भुलू नये. कारखान्यातून आलेली धार कुठल्याही सुरीची चांगलीच असते. ती उतरल्यावर घरच्या घरी पुन्हा आणता येते का, हे बघून सुरी घ्यायची. मी निवडताना हीच कसोटी लावली आणि अजूनही तीच लावते.

मोठी सुरी हातात धरून बघायची ती मूठ आवळून नाही. अंगठा आणि तर्जनीने पातं मुठीच्या लगेच पुढे चिमटीत धरायचं, उरलेली तीन बोटं मुठीभोवती. तशी धरून फळीवर टेकवली की बोटांची पेरं फळीवर आपटता कामा नयेत. त्यासाठी टाचेपाशी, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, पात्याची उंची निदान ४५ मिलिमीटर हवी. वजन १५० ते २५० ग्रॅममध्ये काहीही चालतं, तो आवडीचा भाग. ज्यांना सुरी डोलवत चिरायची सवय नाही, सरळ खाली दाबत चिरतात, त्यांना १७-१८ सेंटिमीटरची सांतोकू, म्हणजे जपानी घाटाची सुरी, सोयीची पडते, कारण तिची धार जवळपास सरळ असते.

एक गोष्ट मात्र आवर्जून बघावी. काही सुऱ्यांना पातं आणि मूठ यांच्यामध्ये धातूचा जाड पट्टा असतो, त्याला बोल्स्टर म्हणतात. तो पाठीपासून थेट धारेपर्यंत खाली आलेला असेल तर ती सुरी घेऊ नका, कितीही भारदस्त दिसली तरी. धार लावताना तो पट्टा दगडावर अडतो, टाचेचा भाग घासलाच जात नाही आणि पुढचं पातं झिजत जातं. काही वर्षांनी टाचेपुढे खळगा पडतो, सुरी फळीवर पूर्ण टेकत नाही आणि चिरलेल्या फोडी तळाशी एकमेकींना चिकटून राहतात. पट्टा अर्ध्यावरच थांबलेला किंवा मुळीच नसलेला बरा.

पोलादाबद्दल खोक्यावर जे छापतात त्याचा मला मनापासून राग आहे. ‘हाय कार्बन’, ‘प्रीमियम’, ‘प्रोफेशनल’ असे शब्द असतात आणि कामाचे दोन आकडे नसतात. हवा असतो तो पोलादाचा प्रकार आणि रॉकवेल काठिण्य, म्हणजे एचआरसी; हा आकडा जितका मोठा तितकं पोलाद कठीण. एक्स५०सीआरएमओव्ही१५ लिहिलं असेल तर त्यात साधारण ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं, काठिण्य ५५ ते ५७ च्या आसपास. हे पोलाद थोडं मऊ असतं. धार लवकर दबते, पण तुकडे उडत नाहीत आणि घरी धार लावायला ते सोपं जातं. व्हीजी-१० मध्ये कार्बन १ टक्क्याच्या आसपास आणि काठिण्य ६० च्या घरात. धार बराच काळ टिकते, पण हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर चालवली की कडेचे बारीक कपचे उडतात. पहिल्या सुरीसाठी मी ५६ च्या आसपासचीच सुचवेन. साधं कार्बन पोलाद झकास धार घेतं, पण लिंबू-टोमॅटो कापल्यावर लगेच पुसलं नाही तर काळं पडतं, ओलं राहिलं तर गंजतं.

इथपर्यंतचं सगळं एका बैठकीत उरकतं. खरी अडचण धारेपाशी सुरू होते.

धार लावायचा दगड १००० ग्रिटचा पुरे. ग्रिट म्हणजे दाण्याचं माप, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. भिजवायचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण १०-१५ मिनिटं, पाण्यात ठेवायचा. काही दगड भिजवायचे नसतात, वर पाणी शिंपडलं की झालं, आणि ते बुडवून ठेवले तर खराब होऊ शकतात. त्यामुळे सोबतची सूचना वाचावी. खाली ओलं फडकं घालून दगड पक्का बसवावा. घासताना वर जो करडा चिखल येतो तो धुऊन टाकू नका, कापायचं काम तोही करत असतो.

मग प्रश्न कोनाचा, म्हणजे पातं दगडावर किती तिरकं धरायचं याचा. सगळे म्हणतात ‘१५ अंश धरा’, ‘२० अंश धरा’. हाताला अंश कळत नाहीत, मिलिमीटर कळतात. पात्याची उंची ४५ मिलिमीटर असेल तर १५ अंशांना पाठ दगडापासून सुमारे १२ मिलिमीटर वर राहते, २० अंशांना सुमारे १५. मऊ पोलादाला १८ ते २० अंश, कठीणाला १५. छोट्या सुरीचं पातं जेमतेम २० मिलिमीटर उंच असतं, म्हणून तिची पाठ ५ ते ७ मिलिमीटरच उचलायची. मोठ्या सुरीवर हात बसला की छोटीलाही तेवढीच उचलली जाते आणि तिची धार जाड, बोथट होऊन बसते.

कोन बरोबर आहे का ते डोळ्यांनी बघायचा उपाय साधा आहे. धारेलगतच्या उतरत्या पट्टीवर काळ्या मार्करने रेघ ओढा, दगडावर दोन-तीनदा घासा आणि उजेडात बघा. वरचा काळा रंग गेला पण अगदी कडेला रेघ उरली, तर कोन कमी पडतोय. कडेचाच रंग गेला आणि वर उरला, तर कोन जास्त झालाय. तासभर घासूनही धार येत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुधा पहिलाच प्रकार असतो: पोलाद घासलं जातं, दगड काळा होतो, आवाजही छान येतो, पण दगड कडेपर्यंत पोचलेलाच नसतो. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ किंचित वर उचलावी लागते, नाहीतर टोक बोथटच राहतं.

दाब किती, तर दगड स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवून एकदा अंदाज घ्या. सुरुवातीला दीड-दोन किलो, शेवटी जवळपास सुरीचं स्वतःचं वजन.

एक बाजू घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय पातळ कड वळून येते. तिला बर म्हणतात. अंगठ्याचं बोंड पाठीकडून धारेकडे आणि धारेबाहेर सरकवलं की ती खरखरीत लागते. धारेच्या लांबीला धरून बोट कधीच फिरवायचं नाही. टाचेपासून टोकापर्यंत सलग बर हाताला लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. मध्ये कुठे बोटभर जागा गुळगुळीत लागली तर तेवढ्या जागी धार आलेली नाही. तिथेच परत घासायचं.

आणि आता ती जागा, जिथे मी सगळ्यात जास्त अडले आणि जिच्याबद्दल कुणी धड बोलत नाही. धार लावण्याच्या व्हिडिओंमध्ये दगडावरचा सर्र आवाज भरपूर असतो, शेवटी कागद सरसर कापून दाखवतात, आणि बर कशी काढायची हा भाग दहा सेकंदांत गुंडाळतात. सगळी मेहनत वाया जाते ती तिथेच. बर कडेला उभी राहिली असेल तर सुरी कागद सुरेख कापते, टोमॅटोच्या सालीतही शिरते. दोन कांदे चिरले की मात्र ती पातळ कड लवते किंवा तुटते आणि सुरी होती त्याहून बोथट वाटायला लागते. मग माणूस पोलादाला दोष देतो, दगडाला दोष देतो, आणखी महाग दगड घेतो. पोलाद ठीक असतं, दगडही ठीक असतो. बर निघालेली नसते, एवढंच. मऊ स्टेनलेस पोलादात तर ती फार चिवट असते. एका बाजूने घासली की दुसरीकडे वळते, तिकडून घासली की पुन्हा इकडे.

ती काढायची रीत अशी. दोन्ही बाजूंना बर आणून झाली की धार पुढे ठेवून, म्हणजे दगडाचा पातळ थर कापल्यासारखं, हलके फटके मारायचे: एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, मग तीन-तीन, मग एकेक, आलटूनपालटून, दर वेळी दाब आणखी कमी करत. शेवटच्या दोन-चार फटक्यांना कोन दोन-तीन अंशांनी वाढवायचा. त्याने वाकलेली बर मुळाशी कापली जाते. त्यानंतर चामड्याच्या पट्टीवर, नाहीतर सपाट जागी पसरलेल्या वर्तमानपत्रावर, धार मागे ठेवून आठ-दहा वेळा ओढायचं. इथे दाब दिला तर कड गोलावते, तेव्हा नुसतं टेकवून ओढायचं.

बर गेली की नाही हे कागदावरून कळत नाही. एक, दोन्ही बाजूंनी अंगठा बाहेरच्या दिशेने फिरवून बघायचा, कुठल्याच बाजूला अडकायला नको. दोन, सुरी दिव्याखाली धार वर करून धरायची. नीट धारेवर उजेड दिसत नाही. चमकणारी रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे कड बोथट आहे किंवा बर राहिली आहे. तीन, कापसाचा बोळा धारेवरून हलकेच ओढायचा, तंतू अडकले तर त्या जागी काम बाकी आहे. या तिन्ही कसोट्या उतरल्या की सुरी आठवडेच्या आठवडे चालते. पहिल्यांदा तशी चालली तेव्हा मला जो आनंद झाला तो नवी सुरी घेताना झाला नव्हता.

३००० ग्रिटचा दगड पुढे कधीतरी घ्यावा, त्याने बर काढणंही सोपं होतं. ६००० च्या पुढे घरगुती कामाला जाऊ नये असं माझं मत आहे. फार गुळगुळीत केलेली धार टोमॅटोच्या सालीवरून घसरते, १००० ते ३००० ची किंचित दाणेदार धार सालीत लगेच शिरते.

दगडाबद्दल सांगायचं राहिलं. वापरून तो मधोमध खोलगट होतो आणि मग कोन सांभाळला तरी सांभाळला जात नाही. पेन्सिलीने वर चौकटी आखा, सपाट काचेवर २२० ग्रिटचा वॉटरप्रूफ पॉलिश कागद ओला करून ठेवा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासा.

खेचून धार लावायची जी छोटी यंत्रं मिळतात, इंग्रजी व्ही आकाराच्या कार्बाइडच्या पात्यांची, ती मी कुणालाही सुचवत नाही. ती धातू ओरबाडतात, कोन आपला चालू देत नाहीत आणि मागे फाटकी कड ठेवतात. पोलादी दांडी वेगळी. ती मुख्यतः वाकलेली कड सरळ करते, म्हणून मऊ सुरीला दर दोन-चार दिवसांनी दोन्ही बाजूंनी तीन-चार हलके फटके पुरतात. काठिण्य ६० च्या पुढे असेल तर पोलादी दांडी वापरू नका, कपचे उडतात. तिथे बारीक सिरॅमिकची दांडी चालते.

काच, संगमरवर, ग्रॅनाइट किंवा स्टीलवर चिरलं की धार लगेच जाते. फळी लाकडाची किंवा मऊ प्लास्टिकची हवी, आणि चिरलेलं गोळा करताना सुरीची पाठ वापरायची, धार नाही. डिशवॉशरमध्ये सुरी घालू नये, ड्रॉवरमध्ये सुटी टाकू नये.

दातेरी सुरीवर मात्र फार खर्च करू नका. दगडावर तिला धार लावता येत नाही. एकेक दात निमुळत्या दांडीने, खाचा असलेल्या बाजूनेच घासावा लागतो, आणि सपाट बाजूची बर दगडावर पातं आडवं टेकवून एका फटक्यात काढायची. पावाला तिचा उपयोग वर्षानुवर्षं होतो. दात अगदीच गेले की बदलून टाकावी.