चौथी बाजू सापडली!

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, लायडारच्या (विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीच्या) चित्रात घराभोवतीच्या एका मध्ययुगीन खंदकाच्या तीनच बाजू दिसत होत्या; त्याची चौथी बाजू अखेर दिसली. मागच्या नोंदीवर बऱ्याच जणांचं मत होतं की हा खंदकच नव्हे, मार्ल (शेतात घालायची चुनखडीयुक्त माती) काढलेले खड्डे एकाला एक जोडले गेले असावेत. शंका रास्त होती, त्या चिकणमातीच्या पठारावर असे खड्डे जागोजागी आहेत.

घोडं अडलं होतं ते उजेडापाशी. हिलशेडमध्ये, म्हणजे उंचीच्या आकड्यांवर कृत्रिम उजेड टाकून काढलेल्या चित्रात, सूर्य ठरलेला वायव्येला, ३१५ अंशांवर, आणि हरवलेली बाजू नेमकी वायव्य-आग्नेय. उजेड तिच्या लांबीनेच पडतो, मग सावली पडणार कुठून? समोरची समांतर बाजू खोल आहे म्हणून तेवढी दिसत होती, ही बुजवलेली. सूर्य ईशान्येला, ४५ अंशांवर नेला तर पुसट रेघ आली, पण नांगरटीच्या रेघांत हरवली. उंची ताणून पाहिली, तर नुसता गोंगाट वाढला.

शेवटी आरव्हीटी या उंचीची चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्काय-व्ह्यू फॅक्टर काढला. त्यात सूर्यच नाही, प्रत्येक बिंदूवरून आकाश किती मोकळं दिसतं एवढंच मोजलं जातं. त्रिज्या १० मीटर ठेवली आणि बाजू उमटली! जेमतेम वीतभर खोल, पण दोन्ही कोपऱ्यांना काटकोनात जुळणारी. एवढी कमी खोली एका उड्डाणाच्या भरवशावर मानायची नाही, म्हणून जुन्या उड्डाणाची टाइल (त्या चौकोनाची उंचीची फाइल) लावली. तिथेही रेघ जागच्या जागी. हिलशेड पहिल्या चाळणीपुरतं ठीक, निकाल त्यावर देऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

खंदकाने वेढलेलं बेट पूर्ण झाल्यावर जागेचा अर्थही लागतो. चर्च लांब, खंदक सामायिक गायरानाच्या काठाला. इंग्लंडमधले ५,००० हून जास्त खंदक बहुतांशी १२५० ते १३५० मधले, आणि ते सगळे काही जमीनदारांचे नव्हेत. लोकसंख्या वाढत होती, वस्ती गावठाणाबाहेर जड जमिनीवर सरकत होती. बऱ्या स्थितीतला स्वतंत्र शेतकरीही घराभोवती खंदक खणायचा. घराखालच्या जमिनीचा निचरा व्हायचा, मासे मिळायचे आणि शेजाऱ्यांत वट वाढायची. आपला खंदक अशाच कुणाचा असावा असं मला वाटतं.

१८८० च्या दशकातल्या २५ इंची (मैलाला २५ इंच) सरकारी नकाशावर तीनच बाजू आहेत, म्हणजे चौथी त्याआधीच बुजली. शेतात लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावायचा बेत होता, तो आता मागे. आधी १८४० च्या सुमाराचा टाइथ नकाशा (चर्चच्या दशमांश करासाठी काढलेला) आणि त्यातली शेतांची नावं. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: एचईआरमध्ये (परगण्याच्या पुरातत्त्व नोंदवहीत) 'तीन बाजू' किंवा 'एल आकार' म्हणून नोंदलेले खंदक वेगळे काढायचे, त्यांतली कुठली बाजू वायव्य-आग्नेय येते ते बघायचं आणि सगळ्यांवर हाच फॅक्टर चालवायचा. उत्तर सफोकच्या टाइल्स उतरवायला लावल्यात.