परभणी बिल्ड अपडेट: बोर्ड एकदाचा ठरला

नवा गेमिंग पीसी जोडायलोय. प्रोसेसर आन् रॅम घरात येऊन पडलेत, एएमडीचा ९८००एक्स३डी आन् ३२ जीबी डीडीआर५ रॅमची जोडी, स्पीड ६०००, सीएल३०. घोडं अडलं होतं ते मदरबोर्डवर. जुन्या बी४५० बोर्डाला रामराम करायचाच आहे, आन् एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ आन् त्याच्या पुढंबी चालू ठेवू असं एएमडीनं सांगितलंय, म्हणून म्हणलं बोर्ड असा घ्यावा की पुढं नुस्ता प्रोसेसर बदलला तरी भागलं पाहिजे.

एक आधीच सांगतो, महागड्या बोर्डानं एफपीएस (गेममधे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाहीत. तोच प्रोसेसर, तेच ग्राफिक्स कार्ड असलं की साध्या बी६५० बोर्डावर आन् साठ-सत्तर हजारांच्या फ्लॅगशिपवर गेम सारखाच पळतो. व्हीआरएमचं (बोर्डावरनं प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) पण तसंच, बॉक्सवर १८ फेज, ११० अँपिअर असं ठळक छापतात, पण ९८००एक्स३डीची स्टॉक पॉवर लिमिट १६२ वॅट, आन् गेममधे तर तो त्याच्या बराच खाली राहतो. हां, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो तवा हीटसिंक जरा जाडजूड असलेलं बरं, पण तेवढ्यासाठी फ्लॅगशिप? जगात जर्मनी, भारतात परभणी खरं, पण खिसा परभणीचाच आहे.

मग पैसे कशावर टाकायचे तर लेनवर, म्हंजे प्रोसेसर आन् बाकीच्या भागांमधल्या डेटाच्या वाटांवर. प्रोसेसरमधून वापरायला २४ पीसीआयई ५.० लेन मिळतात, १६ कार्डाला, ४ पहिल्या एम.२ला (एसएसडीचा स्लॉट), राहिल्या ४. एक्स८७० आन् एक्स८७०ई चिपसेटच्या (बोर्डावरची मदतनीस चिप) बोर्डांवर यूएसबी४ हे वेगवान पोर्ट सक्तीचं हाय, त्यामुळं ह्या राहिलेल्या ४ बहुतेक त्यातच जातात, आन् इथंच कंपन्यांची कलाकारी चालू होते. एमएसआयच्या एक्स८७० टोमाहॉकमधे दुसरा एम.२ भरला की तो आन् यूएसबी४ दोघं दोन-दोन लेन वाटून घेतात (बायोसमधून, म्हंजे बोर्डाच्या सेटिंगमधून बदलता येतं). गिगाबाइटच्या एक्स८७०ई ऑरस मास्टरमधे दुसरा-तिसरा एम.२ वापरला की कार्डच एक्स१६वरून (१६ लेन) एक्स८वर (८ लेन) येतं. हे जाहिरातीत कुठं दिसंना, मॅन्युअलची पीडीएफ उघडून बारीक अक्षरातली टीप वाचावी लागती.

आता एक्स८ म्हणलं की लोकं लगेच घाबरायलेत, पण हिशोब करून बगा. माझं आरटीएक्स ४०७० कार्ड पीसीआयई ४.० चं, बी४५०वर सध्या ३.० एक्स१६नं चालतंय. ४.० एक्स८ म्हंजे बँडविड्थ तेवढीच! म्हंजे आज आहे त्यापेक्षा काही कमी व्हायचं नाही. तरी नवा बोर्ड घेऊन तिथंच थांबायचं जिवावर येतं, म्हणून मी असा एक्स८७०ई बघितला ज्यात चिपसेटवरून निघणारे एम.२ स्लॉट जास्त आहेत. विंडोजचा एसएसडी प्रोसेसरच्या स्लॉटला, गेमचे दोन्ही चिपसेटवर, कार्ड एक्स१६ला मोकळं. चिपसेटवरचं सगळं शेवटी एकाच ४.० एक्स४ लिंकवरून जातं हे खरं, पण गेम लोड व्हायला तेवढं लई झालं.

दुसरं कारण आपल्या गावाचं. इथं दुकानात जाऊन "जरा एएम५चा एखादा प्रोसेसर लावून बगू द्या" म्हणायची सोय नाही, आरएमए (वॉरंटीत परत पाठवणं) म्हणलं की पार्सल बाहेरगावी. त्यामुळं पोस्ट कोडचा आकडेवाला डिस्प्ले (चालू होताना कुठं अडकलं ते दाखवणारा) आन् बायोस फ्लॅशबॅकचं बटन (प्रोसेसर न लावताही नवा बायोस टाकायला), ह्या दोन गोष्टींना मी आरजीबी लाइटींपेक्षा दहापट भाव देतो. डीडीआर५ला पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगमधे (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो तवा) काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, नवख्या माणसाला वाटतं बोर्ड मेला, तवा आकडे बदलायलेत एवढं दिसलं तरी जीव भांड्यात पडतो. आन् रॅमच्या चार काड्या लावायच्या नादी लागू नका, स्पीड खाली येतो, दोनच लावा.

तर चाळीस हजारांच्या आसपासचा एक्स८७०ई बुक केलाय, मॉडेल हातात आल्यावर फोटोसकट टाकतो. आला की आधी पेनड्राइव्ह फॅट३२ करून बायोस नवा टाकणार, मग एक्स्पो (रॅम तिच्या छापील स्पीडवर चालवायची सेटिंग) चालू करून रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी). कूलर जुनाच, एएम४च्या (आधीचा सॉकेट) मूळ बॅकप्लेटवर बसणारा हाय म्हणून एएम५ला चालतो. लाइटीचा भरवसा नाही त्यामुळं प्युअर साइन वेव्हचा यूपीएस शोधायलो, कुणी परभणी-नांदेडकडं घेतला असंल तर कोणता ते सांगा.