घडीची पोथी, नोंद सहावी: गिधाड राहून गेलं

मंडळी, आधी वाईट बातमी. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पहिली ओळ संपत आली. संपली. आणि संपल्यावर कळलं की शेवटची सतरा घरं चुकली आहेत. एका गिधाडापायी.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. मी कोडेक्स बोर्जिया या जुन्या मेक्सिकन पोथीच्या पहिल्या आठ पानांची नक्कल करते आहे. मूळ पोथी कातड्याची, त्यावर पांढरा लेप देऊन रंगवलेली आणि पुढे-मागे घड्या घातलेली. पत्रे ३९, रंगवलेली पानं ७६, पूर्ण उलगडली तर लांबी ११ मीटरच्या आसपास. स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले त्याच्या आधीची. पुढे ती इटलीत स्तेफानो बोर्जिया नावाच्या कार्डिनलच्या संग्रहात गेली आणि आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. रंगवणाऱ्यांची नावं पुसली गेली, मालकाचं राहिलं. मूळ पान साधारण २७ सेंटिमीटर चौरस आहे. माझं १८ चं, कारण टेबलाचा निम्मा भाग भाजी निवडायला लागतो.

या आठ पानांवर एकही गोष्ट सांगितलेली नाही. आहेत ते मुख्यतः दिवस: तोनालपोवाली, म्हणजे दिवसांची मोजणी. एकीकडे १ ते १३ आकडे, दुसरीकडे वीस चिन्हं: मगर, वारा, घर, सरडा, साप, मृत्यू, हरीण, ससा, पाणी, कुत्रा, माकड, गवत, वेत, जॅग्वार, गरुड, गिधाड, ओलिन (म्हणजे हालचाल), गारगोटी, पाऊस, फूल. आकडा आणि चिन्ह दोन्ही रोज एकेक घर पुढे सरकतात. आज १ मगर, उद्या २ वारा. तेराव्या दिवशी १३ वेत झालं की चौदाव्याला १ जॅग्वार. अशा २६० जोड्या झाल्या की पुन्हा १ मगर. आईने माझ्या खांद्यावरून बघून विचारलं, "अगं, म्हणजे पंचांगच की! मग ही मगर तिथी धरायची का वार?" प्रश्न अगदी मोक्याचा होता. मी म्हटलं, आकडा वार धर आणि मगर नक्षत्र. ती म्हणाली, "आणि शुभ-अशुभ?" तेही आहेच. तोनालपौकी म्हणजे दिवस वाचणारा जाणकार. मूल जन्मलं की त्याच्याकडे जायचं, तो पोथी उघडून दिवसाचं फळ सांगायचा. दिवस वाईट निघाला तर अंघोळ आणि नाव ठेवण्याचा विधी दोन-चार दिवस पुढे ढकलून बऱ्या दिवसावर घ्यायचा. आईला यात नवल वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही.

आता चूक. पहिल्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मगर आहे. तिथून ओळ डावीकडे निघते, आठही पानं ओलांडते आणि ५२ घरांनंतर थांबते. मग परत पहिल्या पानावर यायचं आणि त्याच्या वरची ओळ धरायची. अशा पाच ओळी, पाच गुणिले ५२ म्हणजे २६०. घरांत आकडे लिहिलेलेच नाहीत, नुसती चिन्हं. वाचणाऱ्याला ते तोंडपाठ असणार हे गृहीत धरलेलं. मला तोंडपाठ नव्हते. मी पान बघून काढत होते आणि गरुड नि गिधाड ही दोन्ही डोकी, दोन्ही चोचीवाली. दुसऱ्या फेरीत पस्तिसाव्या घरात गरुड काढला, चहा प्यायला उठले, परत आले, "पक्षी झाला" म्हणून थेट ओलिन काढायला घेतलं. छत्तिसावं घर असं गेलं.

तिथून पुढे सगळं सुरेख दिसत होतं. हेच तर वाईट. चित्र म्हणून त्यात काही खटकत नाही. बावन्नाव्या घरात वेत आला तेव्हाही मला कळलं नाही. दुसऱ्या ओळीचं पहिलं घर आखताना जॅग्वार येऊ लागला आणि मूळ पानावर मात्र त्या जागी वेत. तेव्हा पेन्सिल खाली ठेवली आणि बोटांवर मोजलं. ५२ ला वीसने भागलं तर बाकी १२, म्हणजे ओळ बाराव्या चिन्हावर, गवतावर, संपायला हवी. पुढची ओळ तेराव्यावर, वेतावर, सुरू. त्याच्या वरची आणखी बारा पुढे, म्हणजे सापावर. मग ओलिन, मग पाणी. पहिल्या उभ्या रकान्यात खालून वर मगर, वेत, साप, ओलिन, पाणी एवढंच येऊ शकतं. आणि ५२ म्हणजे चार वेळा तेरा, त्यामुळे या पाचही घरांचा आकडा एकच, १. हा रकाना ताळा आहे. त्या चित्रकाराने, त्लाकुइलोने, आधी हा रकाना भरून मग ओळी भरल्या असतील का, हे त्याला विचारायला फार आवडलं असतं. मी तरी आता तसंच करते आहे. नव्याने सुरू करणाऱ्यांनी डावी-उजवी दोन्ही टोकं आधी पेन्सिलीने भरून घ्या. एक संध्याकाळ जाते, सतरा घरं वाचतात.

सतरा घरं खरवडायची हिंमत झाली नाही. लेप खडूच्या पुडीचा आणि सरसाचा. घड्यांवर तो आधीच तडकला होता. शेवटी त्यावरच नवा पातळ हात दिला. लाज वाटत होती, पण या कामातले थोर लोकही हेच करत. मेक्सिकोतल्याच मिश्तेक लोकांची सेल्डन नावाची एक पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या लेपाखाली आणखी एक जुनी रंगवलेली पोथी दडलेली आहे हे २०१६ साली खास कॅमेऱ्याने लेप न खरवडता दिसलं. माझ्या लेपाखाली फक्त माझी चूक आहे, पण दडलेली तरी आहे.

तडे जाऊ नयेत म्हणून काय करायचं ते तिघांनी विचारलं होतं. आधी घडी, मग लेप. घडीच्या रेषेवर लेप सर्वांत पातळ ठेवा आणि सरसात ग्लिसरीनचे तीन-चार थेंब घाला. पट्टे जोडायला मी गव्हाची खळ वापरते, तिच्यात बाइंडरच्या सांगण्यावरून चिमूटभर मोरचूद घातलं. पहिल्या पावसाळ्यात मोरचूद न घातलेल्या जोडांवर हिरवी बुरशी आली होती. कागद साधा हातकागद आहे. मेक्सिकोत कातड्याखेरीज आमाते हा झाडाच्या सालीचा कागदही चाले. ती झाडं फायकस कुळातली, म्हणजे आपल्या वड-उंबराचे भाऊबंद. साल उकळायची आणि दगडी ठोकणीने चेचून तिचा पत्रा करायचा. उंबराच्या सालीवर एकदा करून बघायचं मनात आहे, पण सोसायटीतल्या एकुलत्या एका उंबराखाली दत्ताच्या पादुका आहेत. त्या सालीला हात लावायची माझी छाती नाही.

रंगांकडे येते. काळा सोपा, काजळी. लाल हा खरा मेक्सिकोचा रंग. नावात्लमध्ये, म्हणजे अझ्टेकांच्या भाषेत, त्याच्या किड्याला नोचेस्तली म्हणतात, अर्थ निवडुंगाचं रक्त. फड्या निवडुंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ना, त्यात हे किडे असतात. सासवडच्या बाजूला एका बांधावर मला असे पुंजके सापडले. एक बोटाने चिरडला तर बोट गर्द किरमिजी. आपल्याकडचा फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतूनच आलेला. ईस्ट इंडिया कंपनीला इथे रंगाचा धंदा करायचा होता, म्हणून १७९५ साली किडेही आणले. आले मात्र हलक्या जातीचे. रंग जेमतेम मिळाला आणि किड्यांनी निवडुंगच फस्त केला. माझ्या बोटावरचा किडा त्या खटाटोपातला की नंतर आलेला, देव जाणे. त्यातून निघालेल्या रंगात दीड ससा रंगला. बाकी सगळं दुकानातल्या गुआशने.

निळ्याच्या बाबतीत मात्र फजिती झाली. तिकडच्याच माया लोकांचा प्रसिद्ध निळा म्हणजे नीळ आणि पॅलिगॉर्स्काइट नावाची माती एकत्र तापवून केलेला. त्या मातीच्या कणांत बारीक नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, नीळ त्यात अडकून बसते, मग ऊन, पाणी, आम्ल कशालाच दाद देत नाही. चिचेन इत्सा या त्यांच्या नगरीतल्या पवित्र विहिरीच्या तळाशी या निळ्याचा चार मीटरहून जाड थर साचला होता, एवढ्या वस्तू आणि माणसं त्या रंगाने माखून पावसाच्या देवाला दिली गेली. त्याच विहिरीतून निघालेलं एक भांडं शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. त्यातल्या कोपाल धुपाच्या गोळ्यात नीळ आणि माती दोन्ही सापडल्यावर २००८ मध्ये संशोधकांनी मांडलं की रंग धूप जाळतानाच, विधीच्या जागीच, तयार होत असावा. मी मुलतानी माती आणि नीळ तव्यावर तापवली. वास असा सुटला की शेजारच्या काकू बघायला आल्या. रंग करडा-हिरवा झाला आणि नेलपेंट काढायच्या द्रवाने अर्धा पुसला गेला. माझी माती बहुतेक वेगळ्याच खनिजाची. ज्यांना गुजरात-राजस्थानकडची खरी पॅलिगॉर्स्काइट मिळेल त्यांनी मला पाव किलो राखून ठेवावी.

या नावांच्या उच्चारांबद्दल मागच्या वेळी बरीच हमरीतुमरी झाली. माझं मत सांगते आणि विषय सोडते. स्पॅनिश लेखणीतला 'एक्स' नावात्लमध्ये 'श' असे. म्हणून फूल शोचित्ल, कुत्र्याच्या तोंडाचा देव शोलोत्ल, आणि मेशिको. 'त्स' हा उच्चार इंग्रजी वाचणाऱ्यांना अडतो, आपल्याला अडू नये, कारण तो 'चोर' आणि 'चमचा' यातला च आहे. केत्सालकोआत्ल या देवाचं नाव घेताना चमचा आठवा. 'त्ल' मात्र एकच आवाज आहे, त नंतर ल असे दोन नव्हेत. तो मला अजून जमलेला नाही.

ससे चार झाले, आणि आता ते काढताना हात थरथरत नाही. सशाच्या दिवसाची देवता मायावेल, मागेई नावाच्या घायपाताच्या कुळातल्या झाडाची देवी. त्याच्या रसाची आंबवलेली दारू, पुल्के, आणि तिचे देव म्हणजे चारशे ससे. चारशे म्हणजे वीस गुणिले वीस. आपण 'असे छप्पन्न पाहिले' म्हणतो, ते चारशे म्हणत. चंद्रावरही ते ससाच बघत. तेओतिवाकान या प्राचीन नगरीत सूर्य-चंद्र जन्मले तेव्हा चंद्रही सूर्याइतकाच झगमगत होता, म्हणून एका देवाने त्याच्या तोंडावर ससा फेकला, अशी त्यांची कथा.

हे सांगितलं की कोणीतरी 'शशांक!' म्हणून उडी मारतं, पाठोपाठ मयासुर येतो आणि मग माया लोक थेट महाभारतातून निघतात. कृपा करा. चंद्र दोघांनीही पाहिला होता आणि त्यावरचे डाग सशासारखे दिसतात, एवढं पुरे आहे. कोपान या माया नगरीतल्या शिलास्तंभावरचे 'हत्ती' सुद्धा असेच गाजले होते. ते मकाव पोपट आहेत. चोच वाकडी असली की सोंड होत नाही, हे गरुड-गिधाडात घोळ घालणारी मी सांगते आहे म्हणजे बघा.

खरा दुवा हवा असेल तर फुलांत आहे. विसावं चिन्ह फूल. चौथं फूल काढताना नमुन्याला समोर झेंडू ठेवला होता, आदल्या दिवशीच्या तोरणातला. दसऱ्याला आपण गाड्यांना, हत्यारांना, दाराला जो बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. नावात्ल नाव सेम्पोवालशोचित्ल, म्हणजे 'वीस फूल', पाकळ्यांची दाटी बघून ठेवलेलं. तिथे आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवसात त्याच्या पाकळ्यांची वाट आखतात, गेलेल्यांना घर सापडावं म्हणून. निशिगंधही तिकडचा, त्याचं नाव हाडाचं फूल. देवळाबाहेरचा पांढरा चाफा त्याच भागातला, नाव कावळ्याचं फूल. आईच्या पूजेच्या परडीत ही तिन्ही असतात. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग इतकी वर्षं तुला नैवेद्याला काय झालं होतं?" याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

पुढच्या कामाची घाई आहे असं नाही, पण पान ९ ते १३ डोळ्यांसमोर नाचतात. तिथे प्रत्येक पानावर चार चिन्हं आणि चार देव, पाच पानांत वीस. हरणाचा त्लालोक, म्हणजे पावसाचा देव, त्याचे चष्म्यासारखे गोल डोळे आणि वरच्या ओठाखालून लोंबणारे सुळे. कुत्र्याचा मिक्तलानतेकुत्ली, म्हणजे मृतांचा देव, कवटीचं तोंड घेऊन. वाऱ्याचा केत्सालकोआत्ल, तोंडावर चोचीसारखा मुखवटा. सुरुवातीला मला थेट हीच पानं काढायची होती आणि आठ पानांची मोजणी म्हणजे कंटाळवाणी बाराखडी वाटली होती. पण हरीण सातवं हे बोटांत बसल्याशिवाय त्लालोक तिथे कशासाठी उभा आहे हे डोळ्यांना कळत नाही. मी एक त्लालोक सुटा काढून पाहिला. चांगला उतरला, पण भिंतीवरच्या कॅलेंडरमधून कापून काढलेल्या चित्रासारखा. तारीख गेलेली.

तर आजचा हिशेब. पहिली ओळ पूर्ण, गिधाडासकट. दुसऱ्या ओळीत ३१ घरं. एकूण ८३ झाली, १७७ राहिली. ८३ ला वीसने भागून बाकी ३, तेराने भागून बाकी ५, म्हणजे आजचं घर ५ घर. नाव 'घर' असल्याने हे वाक्य असंच वाचायचं. रंग अजून ओला आहे, पंख्याखाली ठेवलाय. उद्या ६ सरडा, आणि त्याची शेपटी चौकटीत मावत नाही. कोणी मावून दाखवली असेल तर फोटो पाठवा.