माती खरी, मग गणपती?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. बापट कॅम्पातल्या, म्हणजे कुंभारवस्तीतल्या, आमच्या शेडमध्ये तेव्हा गणपती रांगेनं मांडलेले होते. चतुर्थी २ सप्टेंबरला होती. शाडूच्या बऱ्याच मूर्तींची डोळ्यांची आखणी तेवढी राहिली होती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर फळ्यांवर चिखलाचे ढीग. कुठं सोंडेचा वळसा राहिलेला, कुठं एखादा हात. प्लॅस्टरच्या मूर्ती उभ्या होत्या, पण त्यांचाही रंग सुटलेला.

मी दर गुरुवारी वेदान्ताच्या पाठाला जातो. तेव्हाही जात होतो. शिकवणारे गुरुजी मायाळू आहेत. ते मुद्दाम घरी आले आणि धीर द्यायला म्हणाले, "आकार गेला, माती कुठं गेली? मूर्ती व्यावहारिक, म्हणजे व्यवहारापुरती खरी; माती सत्य."

आबा खाली बसून खुरप्यानं गाळ ओढत होते. मान वर न करता म्हणाले, "गुरुजी, ही माती ती न्हवं."

आबांचं बरोबर होतं. शाडूत नदीचा गाळ आणि वाळू मिसळली होती. ती पुन्हा वाळवायची, कुटायची, भिजवायची, गाळायची, मळायची, तेव्हा कुठं हाताला शाडू लागणार. कुंभाराला नुसती 'माती' कधी भेटतच नाही. माठाची वेगळी, मूर्तीची वेगळी. शाडूचा माठ होत नाही. सगळ्याच्या मुळाशी म्हणून जी माती दाखवतात, तीसुद्धा कुणाच्या तरी हातची असते. माती हा ब्रह्माचा नुसता दृष्टान्त आहे, हे मला कळतं. पण दृष्टान्त आमच्या घरातून उचललाय, तर तो कुठवर जातो हे आम्ही बघणारच.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की मातीचा एक गोळा कळला, की मातीचं सगळं कळतं. विकार, म्हणजे तिचा बदललेला आकार, हे वाणीनं दिलेलं नाव, माती हेच सत्य. ब्रह्मसूत्र या वेदान्ताच्या सूत्रग्रंथातही (२.१.१४) शब्द आहे 'अनन्यत्व': कार्य कारणाहून वेगळं नाही. इथपर्यंत मी पूर्ण सोबत आहे. गणपती मातीहून वेगळा नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्याच सूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्य जगाला मृगजळाचा दाखला देतात, आणि तिथं माझं पाऊल अडतं.

मृगजळ जवळ गेल्यावर उरत नाही. दोरी दिसली की साप जातो. याला बाध म्हणतात, आणि कोणती सत्ता, म्हणजे खरेपणाची पायरी, खालची हे त्यावरूनच ठरतं: स्वप्नातलं आणि भासातलं ते प्रातिभासिक, जागेपणीचं व्यावहारिक, आणि ज्याचा कधीच बाध होत नाही ते पारमार्थिक. पुरानंतर मला कितीदा स्वप्न पडायचं की शेडमध्ये पाणी शिरलंय. दचकून उठायचो, फरशी कोरडी. तो बाध मला मान्य आहे. पण माती ओळखली म्हणून गणपती कधी नाहीसा झालाय? तो मातीचाच आहे हे पुरतं ठाऊक असणारा माणूसच तो घडवू शकतो. मग घडा आणि मृगजळ एकाच माळेत कसे ओवायचे? एक कारणाशी एकरूप आहे, दुसरं खोटं ठरतं. 'वेगळं नाही' याचा अर्थ 'कमी खरं' असा कधी झाला?

चांगदेवपासष्टीत ज्ञानदेव सोन्याचा दाखला देतात: सोनेपणाला उणेपणा न येता सोनं दागिना होतं, तसाच परमात्मा स्वतः न वेचता जग होतो. तिथं मला पायऱ्या दिसत नाहीत. दागिना म्हणजे सोन्याचं खाली उतरणं नव्हे. मला हे जवळचं वाटतं, कदाचित हातानं घडवणाऱ्याला ते वाटणारच.

गुरुजींना मी हे एकदा विचारलं. ते म्हणाले, "तुझा प्रश्नही व्यवहारातलाच." हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला देता येतं, म्हणूनच ते मला पुरत नाही. आईला रात्री सांगितलं, तर ती म्हणाली, "मी रात्रभर सोंडा लावत बसलोवतो, ते काय सपान होतं व्हय?"

येत्या गुरुवारी भाष्यातला मृगजळाचा भाग पुन्हा आहे. शाडूचा एक गोळा खिशात नेणार आहे. त्याचा तिथंच छोटा गणपती करून गुरुजींच्या हातावर ठेवीन आणि विचारीन, यातलं नेमकं काय नाहीसं व्हायचंय?