शेवटी बाबा दारू का सोडत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी किशोरांसाठीची कादंबरी वाचून बहुतेक जण हेच विचारतात. एवढी सोसणारी मुलगी, शेवटी तिचे बाबा दारू सोडतात असं दाखवायला काय हरकत होती?

पहिल्या खर्ड्यात दाखवलं होतं. मुलगी पत्र लिहिते, बाबा ते वाचून ढसाढसा रडतात, दोघं मिळून बाटल्या बेसिनमध्ये ओततात. लिहिताना मलाही रडू आवरलं नव्हतं. तो खर्डा एका डॉक्टर मैत्रिणीनं वाचला आणि म्हणाली, "वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला, तर दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, जीवही जाऊ शकतो. तुझी मुलगी त्याला डॉक्टरकडे नेते का?"

नेत नव्हती. पण तेवढीच चूक असती तर एक प्रकरण वाढवून भागलं असतं. मला खुपत होतं ते पत्र. पंधराव्या वर्षी मीही तसं लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं, मला जवळ घेतलं, रडले. त्यांचं रडणं खरं होतं, हे मी आजही सांगेन. आठवड्याभरात ते पुन्हा पिऊन आले आणि मी समजले, आपल्याला पत्रच नीट लिहिता आलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी ते मनात खोडून पुन्हा लिहीत होते. माझं पुस्तक हाती घेणाऱ्या मुलीलाही मी हेच सांगणार होते का, की तुझे शब्द कमी पडले?

अल-अ‍ॅनॉन या दारूच्या व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांच्या गटात एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलली जाते: हे मी ओढवलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही, मी ते बरं करू शकत नाही. त्यांचाच किशोरवयीन मुलांसाठीचा अ‍ॅलटीन हा गट १९५७ पासून आहे. घरातलं माणूस अजून पीत असलं तरी मुलांना तिथे जाता येतं. वडील सुधारेपर्यंत त्यांना थांबावं लागत नाही. हे कळलं आणि मी शेवट फाडला.

माझ्या नायिकेला कुलुपात किल्ली किती वेळा चुकते यावरून आजची रात्र कशी जाणार ते कळतं. एकदा चुकली तर जेवण होईल. तीनदा चुकली तर धाकट्या भावाच्या कानावर हेडफोन. मैत्रिणी घरी यायचं म्हणाल्या की तिचं उत्तर ठरलेलं, "नको गं, बाबांना बरं नाहीये."

शेवटच्या पानावरही किल्ली तीनदा चुकते. ती मैत्रिणीला फोन लावते.

"बाबा पिऊन आलेत. मी आणि छोटू तुझ्याकडे येऊ?"

"ये," मैत्रीण म्हणते. "आईला सांगते, आम्ही घ्यायला येतो."