जिन्यात उभं राहू नका रे
आज लेक्चर सुटलं आणि परत तेच, जिन्याच्या तोंडाशीच मोठा ग्रुप, वरचे खाली येतायत खालचे वर जातायत आणि हे मधोमध गप्पा मारत उभे. साइड मागितली की अर्धं पाऊल सरकतात, पुन्हा तिथंच. खरंच डोकं फिरतं. मी तरी घुसून जाते, पण वर्गातली एक मैत्रीण कुबड्या घेऊन चालते, तिला गर्दी ओसरेपर्यंत भिंतीला टेकून थांबावं लागतं, मग पुढच्या लेक्चरला उशीर आणि वर ७५ टक्के अटेंडन्सचं टेन्शन. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पण रॅम्प बांधून त्याच्यासमोरच बाइका लावल्या तर काय उपयोग? कट्टा आहे, कँटीन आहे, तिथं बसा ना हवं तेवढं. जिना तेवढा मोकळा सोडा, प्लीज.